लाहायनाचा वणवा: बेटावरचे एक गाव कसे जळाले

हवाई बेटसमूहातील माउई बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर लाहायना हे सुमारे १२,७०० वस्तीचे गाव होते. ८ ऑगस्ट २०२३ रोजी दुपारी तीनच्या सुमारास गावाच्या वरच्या अंगाला वाळलेल्या गवतात आग भडकली आणि अंधार पडेपर्यंत गावाचा बहुतेक भाग बेचिराख झाला. १०२ माणसे मृत्युमुखी पडली. सुमारे २,२०० इमारती जळाल्या किंवा मोडकळीस आल्या आणि त्यांतील बहुसंख्य राहती घरे होती. नुकसानीचा सुरुवातीचा अंदाज साडेपाच अब्ज डॉलरचा होता. १९१८ मध्ये मिनेसोटा राज्यातील क्लोके परिसरात लागलेल्या वणव्यानंतर अमेरिकेत इतके बळी घेणारा वणवा झाला नव्हता.

वणवा म्हटले की डोळ्यांपुढे जंगल येते. लाहायनाच्या वरच्या उतारांवर जंगल नव्हते, ओसाड पडलेली उसाची शेते आणि त्यांत माजलेले गवत होते. आग पसरली तीही जेमतेम २,१७० एकरांवर. कॅलिफोर्नियातील मोठे वणवे लाखो एकर गिळतात, त्यामानाने हा आकडा किरकोळ आहे. एवढ्याशा आगीत एवढी माणसे का गेली, याचे उत्तर त्या दिवसाच्या वाऱ्यात आहे तसे त्याआधीच्या दीडशे वर्षांतही आहे. जमीन, पाणी, घरे, रस्ते आणि तारा यांची बेटावर जी व्यवस्था लागत गेली, तिच्या प्रत्येक दुव्याने त्या दुपारी आपला वाटा उचलला.

डोंगराआडचा किनारा

माउई बेट दोन ज्वालामुखींपासून बनले आहे. पूर्वेला हालेआकालाचा तीन हजार मीटरहून उंच डोंगर, तर पश्चिमेला त्याहून जुने, झिजलेले पश्चिम माउईचे डोंगर. वर्षातला बहुतेक काळ ईशान्येकडून व्यापारी वारे वाहतात. त्यांतले बाष्प डोंगरमाथ्यावर रिते होते आणि पलीकडे कोरडा वारा उतरतो. पश्चिम माउईच्या पुऊ कुकुई शिखरावर वर्षाला सरासरी नऊ मीटरहून अधिक पाऊस पडतो. जगातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत त्याची गणना होते. तिथून काही किलोमीटरवर, पायथ्याशी असलेल्या लाहायनाच्या वाट्याला मात्र वर्षाकाठी चाळीस सेंटिमीटरच्या आसपास पाऊस येतो. महाबळेश्वरचा पाऊस आणि माणदेशाचा दुष्काळ यांच्यातले अंतर ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे चित्र नवे नाही. माउईवर ते फार थोड्या अंतरात उलगडते.

पाऊस कमी असला तरी जुन्या लाहायनाला पाण्याची वाण नव्हती. डोंगरावरून बारमाही ओढे खाली येत. त्यांच्या पाण्यावर अळूची पाणथळ खाचरे पिकत आणि नीरफणसाच्या दाट राया वाढत. गावात मोकुहिनिया नावाचे सुमारे १७ एकरांचे तळे होते आणि त्यातल्या मोकुऊला या छोट्या बेटावर हवाईच्या राजाचे निवासस्थान होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लाहायना ही हवाईच्या राज्याची राजधानी होती. १८४५ मध्ये तिसऱ्या कामेहामेहा राजाने राजधानी होनोलुलूला हलवली. त्याच काळात पॅसिफिकमध्ये देवमाशांची शिकार करणारी शेकडो जहाजे दरवर्षी इथे नांगर टाकत. खलाशांपाठोपाठ अमेरिकेतून प्रॉटेस्टंट मिशनरी आले, त्यांनी शाळा आणि छापखाना काढला.

पुढे आला ऊस. १८६० मध्ये स्थापन झालेल्या पायोनियर मिल या साखर कारखान्याने लाहायनाभोवतीची जमीन हळूहळू उसाखाली आणली. ओढ्यांचे पाणी पाटांनी मळ्यांकडे वळवले गेले. खालची खाचरे सुकली आणि वाहते पाणी न उरल्याने मोकुहिनिया तळे साचून डासांचे आगर झाले. १९१४ च्या सुमारास ते भराव टाकून बुजवण्यात आले आणि त्या जागेवर बेसबॉलचे मैदान झाले. मळ्यांत राबायला चीन, जपान, पोर्तुगाल आणि शेवटी फिलिपिन्समधून मजूर आले. आगीच्या वेळी लाहायनाच्या लोकसंख्येचा मोठा हिस्सा फिलिपिनो वंशाचा होता, त्याचे मूळ इथे आहे.

ऊस गेला, गवत आले

पायोनियर मिल १९९९ मध्ये बंद पडली. तिचे २२५ फूट उंचीचे धुराडे मात्र आगीनंतरही उभे आहे. माउईवरचा शेवटचा साखर कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. ऊस असताना शेतांना पाणी होते, वाटा वापरात होत्या, पाट आणि टाक्या राखल्या जात होत्या आणि आग लागलीच तर धावून जायला कारखान्याची माणसे होती. कारखाने गेल्यावर हे सगळे एकदमच संपले. मोठमोठ्या जमिनी पडीक राहिल्या आणि त्यांत गवत माजले.

हे गवत हवाईचे नव्हे. गुरांना चारा म्हणून बाहेरून आणलेल्या जाती पुढे रानोमाळ पसरल्या. त्यांत आफ्रिकेतले गिनी गवत प्रमुख आहे. महाराष्ट्रातले दूधवाले शेतकरी ते हिरवा चारा म्हणून लावतात. कोरडवाहू कुरणांत पेरले जाणारे अंजन गवतही तिथे आहे. गोठ्याजवळच्या वाफ्यात दर महिना-दीड महिन्याला कापले जाणारे गिनी गवत आटोक्यात राहते. कोणी कापले नाही, कोणी चारले नाही, तर तेच पुरुषभर वाढते, उन्हाळ्यात वाळून कोळ होते आणि ठिणगीची वाट पाहत उभे राहते. हवाई राज्याच्या सुमारे एक चतुर्थांश जमिनीवर आज अशी परकी गवते आणि झुडपे आहेत.

हवाईच्या मूळ झाडाझुडपांना आगीची सवय नाही. ज्वालामुखीच्या लाव्ह्यापुरतीच आग त्यांनी पाहिलेली. एकदा आग येऊन गेली की मूळ झाडे मरतात, गवत मात्र पहिल्या पावसात मुळांतून पुन्हा फुटते आणि मोकळी झालेली जागाही बळकावते. त्यामुळे पुढची आग आधीच्या आगीपेक्षा सहज लागते. गावाच्या कडेपर्यंत येऊन भिडलेले गवत आणि त्याला लागून दाटीने उभी असलेली लाकडी घरे, अशी लाहायनाची स्थिती झाली होती.

याची चुणूक आधी मिळालीही होती. ऑगस्ट २०१८ मध्ये लेन हे चक्रीवादळ बेटांजवळून जात असताना त्याच्या वाऱ्याने लाहायनाच्या वर वणवा पेटला. त्यात सुमारे २,००० एकर जळाले आणि वीसेक इमारती गेल्या. वादळ, वारा, गवत आणि तेच गाव. पाच वर्षांनी हाच योग पुन्हा जुळून आला.

वारा

ऑगस्ट २०२३ च्या पहिल्या आठवड्यात डोरा हे चौथ्या श्रेणीचे चक्रीवादळ हवाईच्या दक्षिणेकडून, हजार किलोमीटरहून अधिक अंतरावरून पश्चिमेकडे सरकत होते. त्याच वेळी बेटांच्या उत्तरेला प्रबळ उच्च दाबाचा पट्टा होता. उत्तरेला जास्त दाब आणि दक्षिणेला कमी, यांमुळे बेटांवरून जाणारा वारा नेहमीपेक्षा कितीतरी जोराने वाहू लागला. डोराचा त्यातला वाटा किती, यावर हवामानतज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत, मात्र उच्च दाबाच्या पट्ट्याचा वाटा निर्विवाद आहे.

हा वारा पश्चिम माउईचे डोंगर ओलांडून लाहायनाच्या बाजूला कोसळत होता. उतारावरून खाली येणारी हवा दाबली जाते, तापते आणि आणखी कोरडी होते. झोतांचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे गेला. राष्ट्रीय हवामान सेवेने आदल्या दिवशीच वणव्याच्या धोक्याचा इशारा दिला होता. मात्र विजेचा पुरवठा करणाऱ्या हवाईयन इलेक्ट्रिक कंपनीकडे वादळी वाऱ्यात धोक्याच्या भागातली वीज आधीच बंद करण्याची पद्धत तेव्हा नव्हती. कॅलिफोर्नियात ती काही वर्षांपासून रुळली होती.

८ ऑगस्ट

पहाटेपासून वाऱ्याने खांब पडू लागले होते आणि तारा तुटत होत्या. सकाळी साडेसहाच्या सुमारास लाहायनालुना रस्त्याजवळ गवताला आग लागली. अग्निशमन दलाने ती विझवत आणली आणि नऊच्या सुमारास ती पूर्ण आटोक्यात आल्याचे जाहीर केले. जवान त्यानंतरही दुपारी दोनपर्यंत तिथे थांबले, कुठे धूर दिसत नाही अशी खात्री करून मगच निघाले. बेटावर इतरत्र, हालेआकालाच्या उतारावरील कुला भागातही आगी लागल्या होत्या आणि मनुष्यबळ तुटपुंजे होते. माउई, मोलोकाई आणि लानाई या तीन बेटांसाठी एका वेळी कामावर असणारे जवान पासष्टच्या आसपास होते.

तीन वाजायच्या सुमारास त्याच जागेजवळ पुन्हा ज्वाळा दिसल्या. जवान तत्काळ परतले, पण आग त्यांच्या हातून निसटली होती. काही वेळातच तिने गावाबाहेरून जाणारा वळणरस्ता ओलांडला आणि ती घरांत शिरली.

गाव पेटले की गवताच्या आगीचे स्वरूप पालटते. आता इंधन गवताचे राहत नाही, घरांचे होते. जळत्या घरातून उडालेले निखारे आणि ठिणग्या वारा शेकडो मीटर पुढे नेतो. त्या पन्हळीतल्या पालापाचोळ्यावर, लाकडी पायऱ्यांखाली, पोटमाळ्याच्या झरोक्यांत जाऊन पडतात आणि ज्वाळा पोहोचण्याआधीच पुढचे घर पेटते. लाहायनाची बरीच घरे मळ्यांच्या काळातली, लाकडी, एकमेकांना खेटून बांधलेली होती. घरभाडे परवडत नसल्याने एकेका घरात दोन-तीन कुटुंबे राहत आणि दारात तेवढ्याच गाड्या उभ्या असत.

पाण्यानेही साथ सोडली. घरे जळताना त्यांचे नळ फुटले आणि वितळले. शेकडो ठिकाणांहून पाणी वाहून जाऊ लागले, वीज गेल्याने पंपांवर परिणाम झाला आणि रस्त्यावरच्या अग्निशमन नळांचा दाब घसरला. वाऱ्यामुळे हेलिकॉप्टरने पाणी टाकणे शक्य नव्हते. शेवटी जवानांनी आग विझवण्याचा नाद सोडून माणसे बाहेर काढण्यावर भर दिला.

या राखरांगोळीत फ्रंट स्ट्रीटवरचे तांबड्या छपराचे एक जुने लाकडी घर जवळजवळ जसेच्या तसे उभे राहिले. त्याचे छायाचित्र जगभर छापून आले. सुमारे शंभर वर्षांचे हे घर मालकांनी नुकतेच दुरुस्त केले होते. छपरावर जाड धातूचे पत्रे घातले होते आणि भिंतींना लागून असलेली झाडेझुडपे काढून वळचणीच्या पाण्याच्या रेषेपर्यंत दगड पसरले होते. हे आगीसाठी केलेले नव्हते, वाळवी लागू नये हा हेतू होता. पण त्यामुळे छपरावर पडलेल्या ठिणग्यांना पेटवायला काही मिळाले नाही आणि भिंतीपाशीही जळण उरले नाही. आगीपासून घर राखण्यासाठी तज्ज्ञ ज्या गोष्टी सांगतात त्यांत या दोन सर्वांत वर असतात.

न वाजलेले भोंगे आणि अडलेले रस्ते

हवाई राज्यात आपत्तीचा इशारा देणारे सुमारे ४०० भोंगे आहेत, त्यांतले ८० माउईवर. त्या दिवशी एकही वाजला नाही. माउईच्या आपत्कालीन व्यवस्थापन विभागाचे तेव्हाचे प्रमुख हर्मन अंदाया यांचे म्हणणे असे की भोंगे प्रामुख्याने त्सुनामीसाठी वापरले जातात. ते वाजले असते तर लोक समुद्रापासून दूर, म्हणजे डोंगराकडे, आगीच्या तोंडी धावले असते. टीकाकारांनी दाखवून दिले की राज्याच्याच माहितीपत्रकात भोंग्यांच्या उपयोगात वणव्याचा उल्लेख आहे. अंदाया यांनी १७ ऑगस्टला राजीनामा दिला.

मोबाइलवर इशारा गेला तो दुपारी सव्वाचारच्या सुमारास. तोवर गावात सकाळपासून वीज नव्हती आणि मोबाइलचे मनोरे बंद पडत होते. पुष्कळांना इशारा मिळालाच नाही. वाऱ्यामुळे शाळा बंद होत्या, त्यामुळे मुले घरी होती. काहींचे पालक कामावर गेलेले होते. बहुतेकांना आग कळली ती धुराच्या वासाने किंवा दारावर थाप मारणाऱ्या शेजाऱ्यामुळे.

बाहेर पडायचे तर रस्ते मोजके होते. लाहायनातून निघणारा मुख्य रस्ता म्हणजे किनाऱ्याने जाणारा होनोआपिइलानी महामार्ग. उत्तरेकडे तो पुढे अरुंद, एकपदरी आणि वळणावळणाचा होतो. गावात सुमारे तीस विजेचे खांब पडले होते. तारांमध्ये वीज असेल या भीतीने पोलीस गाड्या अडवून दुसरीकडे वळवत होते. डोंगराच्या बाजूचे रस्ते बंद झाल्याने सगळी वाहने समुद्राकाठच्या चिंचोळ्या फ्रंट स्ट्रीटवर येऊन अडकली. उसाच्या वाहतुकीसाठी केलेले कच्चे रस्ते होते, पण खासगी मालकीच्या त्या वाटांच्या फाटकांना कुलपे होती. काही ठिकाणी पोलिसांनी आणि रहिवाशांनी फाटके तोडून वाट करून दिली.

गाड्या हलेनात आणि धूर अंगावर आला तेव्हा लोक समुद्राच्या बांधावरून उतरून पाण्यात गेले. वरून निखाऱ्यांचा वर्षाव होत होता, पाण्याच्या पृष्ठभागावर धूर बसला होता आणि बंदरातल्या होड्याही पेटल्या होत्या. कित्येकांनी तासन्‌तास खडकांना धरून काढले. अमेरिकी तटरक्षक दलाने १७ जणांना पाण्यातून बाहेर काढले.

मृतांमध्ये बहुसंख्य साठीच्या पुढचे होते. ज्यांना चालता येत नव्हते, गाडी नव्हती किंवा एकटे राहत होते, त्यांना सर्वांत कमी वेळ मिळाला. ओळख पटवणे अतिशय अवघड गेले. सुरुवातीला हजाराहून अधिक लोक बेपत्ता असल्याचे मानले जात होते आणि ऑगस्टमध्ये मृतांचा आकडा ११५ सांगितला गेला. जनुकीय तपासणीनंतर काही अवशेष एकाच व्यक्तीचे असल्याचे कळले आणि सप्टेंबरमध्ये तो ९७ वर आला. पुढच्या महिन्यांत सापडलेले अवशेष आणि जखमींचे मृत्यू धरून तो १०२ झाला.

पाहुणे

दीड लाखाच्या आसपास लोकसंख्येच्या माउई बेटावर आगीपूर्वी वर्षाला पंचवीस लाखांहून अधिक पर्यटक येत. लाहायनाच्या उत्तरेला काही किलोमीटरवर कानापालीच्या किनाऱ्याने मोठमोठी हॉटेले आहेत. आग तिथे पोहोचली नाही, पण तिथेही वीज आणि दूरध्वनी बंद झाले, महामार्ग तुटला आणि हजारो पर्यटक जागीच अडकले. कित्येकांना दक्षिणेच्या आकाशात धूर दिसत होता, पण काय जळते आहे हे कळायला मार्ग नव्हता. बेटाच्या दुसऱ्या अंगाला असलेल्या काहुलुई विमानतळावर त्या रात्री सुमारे २,००० प्रवासी मुक्कामाला होते.

दुसऱ्या दिवसापासून राज्य सरकारने अत्यावश्यक कामाशिवाय माउईला येऊ नये असे सांगितले आणि आलेल्यांना परत जाण्याची विनंती केली. विमान कंपन्यांनी जादा फेऱ्या सोडल्या आणि तिकिटे स्वस्त केली. पर्यटकांना बसने विमानतळावर आणले गेले, होनोलुलूच्या अधिवेशन केंद्रात तात्पुरती राहण्याची सोय झाली. आठवड्याभरात पर्यटक आणि रहिवासी मिळून सुमारे ४६,००० लोक काहुलुईहून विमानाने बाहेर पडले.

पाहुण्यांना परतायला घर होते. यजमानांपुढचा प्रश्न मात्र इथून सुरू झाला. बेटाचे अर्थकारण पर्यटनावर उभे असल्याने पाहुणे गेले तसे काम गेले. त्याच वेळी रिकाम्या झालेल्या हॉटेलांच्या खोल्यांत आगीतून वाचलेल्यांना ठेवण्यात आले. एका टप्प्यावर सुमारे ८,००० लोक असे राहत होते. हॉटेलात वर्षानुवर्षे खोल्या आवरणारे, स्वयंपाकघरात राबणारे कामगार आता त्याच हॉटेलांच्या खोल्यांत कुटुंबासह राहू लागले.

गव्हर्नर जॉश ग्रीन यांनी ८ ऑक्टोबरपासून, म्हणजे बरोबर दोन महिन्यांनी, पश्चिम माउई पर्यटनासाठी टप्प्याटप्प्याने खुले करण्याचे ठरवले तेव्हा गावात तीव्र मतभेद झाले. अनेकांचे नातेवाईक अजून सापडले नव्हते आणि सुटीच्या आनंदात आलेल्या पाहुण्यांना हसतमुखाने सामोरे जाण्याची मनःस्थिती नव्हती. हजारोंनी विरोधाच्या अर्जावर सह्या केल्या. दुसरीकडे छोटे दुकानदार आणि रोजंदारीवरचे लोक पगाराअभावी बेट सोडण्याच्या बेतात होते. सरकारने निर्णय बदलला नाही. पुढे खोल्या पुन्हा पर्यटकांना हव्या झाल्या तेव्हा आपद्ग्रस्त कुटुंबांना एका हॉटेलातून दुसऱ्यात हलावे लागले.

दोष कोणाचा

माउई अग्निशमन दल आणि केंद्र सरकारच्या तपास यंत्रणेने ऑक्टोबर २०२४ मध्ये आगीच्या कारणाचा अहवाल दिला. त्यानुसार सकाळी तुटून पडलेल्या तारांमध्ये पुन्हा वीज सोडली गेली, त्यातून उडालेल्या ठिणग्यांनी गवत पेटले आणि दुपारची आग ही सकाळच्याच आगीचा पुनर्जन्म होती. धुमसत राहिलेला एखादा तुकडा वाऱ्याने जाळरेषेपलीकडच्या (आग अडवण्यासाठी मोकळ्या केलेल्या पट्ट्यापलीकडच्या) झाडीने भरलेल्या घळीत नेला आणि तिथे तो पुन्हा पेटला, असा निष्कर्ष निघाला. आग अपघाती ठरवण्यात आली. सकाळची आग आपल्या तारांनी लागल्याचे हवाईयन इलेक्ट्रिकने आधीच मान्य केले होते, पण दुपारी आपल्या तारांत वीज नव्हती आणि आग पूर्ण विझल्याचे अग्निशमन दलाने सांगितले होते, अशी तिची बाजू होती.

राज्याच्या महाधिवक्त्यांनी नेमलेल्या स्वतंत्र संस्थेने वेगळ्या अंगाने चौकशी केली. कोणा एका व्यक्तीच्या किंवा निर्णयाच्या माथी दोष न मारता तिने गवत न राखणे, धोक्याच्या इशाऱ्याकडे गांभीर्याने न पाहणे, विभागांमधला विस्कळीत संवाद, अपुरे रस्ते आणि जुनी बांधकामे अशी वर्षानुवर्षे साचलेली कारणे दाखवली. ऑगस्ट २०२४ मध्ये नुकसानभरपाईसाठी सुमारे ४ अब्ज डॉलरची तडजोड जाहीर झाली. ती देणाऱ्यांत वीज कंपनीबरोबर राज्य सरकार, माउई काउंटी, दूरसंचार कंपन्या आणि गवताळ जमिनींचे मोठे मालकही होते.

घर, जमीन आणि एक वड

आगीपूर्वीच माउईवर घर घेणे सामान्यांच्या आवाक्याबाहेर गेले होते. एका घराची किंमत दहा लाख डॉलरच्या पुढे होती आणि हजारो सदनिका पर्यटकांना अल्पमुदतीच्या भाड्याने दिल्या जात. आगीनंतर काही आठवड्यांतच जळालेल्या भूखंडांसाठी बाहेरच्या खरेदीदारांचे फोन येऊ लागले. लाहायना विकायची नाही, असा पवित्रा गावकऱ्यांनी घेतला. जमीन कायम स्थानिकांकडे राहावी यासाठी सामुदायिक भूमी न्यासही उभा राहिला. मे २०२४ मध्ये माउईचे महापौर रिचर्ड बिसेन यांनी सुमारे ७,००० पर्यटक सदनिका स्थानिकांच्या राहण्यासाठी परत मिळवण्याचा प्रस्ताव मांडला आणि त्यावरून मोठा वाद झाला. राख आणि ढिगारा हलवण्यालाच वर्षाहून अधिक काळ लागला, कारण जुन्या रंगांतले शिसे आणि बांधकामातील ॲस्बेस्टॉस राखेत मिसळले होते.

लाहायनाच्या चौकातला वड या काळात सगळ्यांच्या चिंतेचा विषय झाला होता. हे झाड भारतातून आणलेले. २४ एप्रिल १८७३ रोजी, मिशनरींच्या आगमनाला पन्नास वर्षे झाली त्या निमित्ताने, तिथल्या शेरिफने ते लावले तेव्हा आठ फुटांचे होते. गावकऱ्यांनी त्याला आकार दिला. ज्या पारंबीचे खोड व्हावे असे वाटे तिच्या टोकाशी ते पाण्याची बरणी टांगत. दीडशे वर्षांत वड साठ फुटांवर गेला आणि त्याला ४६ मोठी खोडे झाली. आगीत तो होरपळला. वृक्षतज्ज्ञांनी मुळांना पाणी आणि कंपोस्ट खत दिले. सप्टेंबर २०२३ मध्ये नवी पालवी फुटली, तरी बराच भाग वाळून गेल्याने छाटावा लागला.

रोड्सचा अनुभव

लाहायनाच्या तीन आठवडे आधी ग्रीसमधल्या रोड्स या बेटावर वणवा लागला होता. १८ जुलै २०२३ रोजी डोंगराळ अंतर्भागात लागलेली आग चार दिवसांनी वारा फिरताच आग्नेय किनाऱ्यावरील कियोतारी आणि गेनादी या पर्यटन गावांकडे आली. २२ आणि २३ जुलैला सुमारे १९,००० लोकांना हलवण्यात आले. बहुतेक बसने आणि पायी गेले, सुमारे ३,००० जणांना किनाऱ्यावरून बोटींनी उचलले गेले. गोंधळ पुष्कळ झाला, पर्यटक मैल-मैल सामान ओढत चालले, शाळांच्या फरशीवर झोपले. पण या स्थलांतरात कोणी दगावले नाही. सहल अर्धवट राहिलेल्यांना पुढच्या हंगामात रोड्सला येण्यासाठी सवलत देण्याचे ग्रीक सरकारने जाहीर केले.

दोन्ही बेटांतला मोठा फरक वेळेचा आहे. रोड्सला आग किनाऱ्यावर यायला चार दिवस लागले, लाहायनात दोन-अडीच तास. ग्रीसमध्ये मोबाइलवरून गाव सोडण्याचे आदेश देण्याची पद्धत रुळलेली होती आणि यंत्रणा सुरू होती. अडचणी मात्र दोन्हीकडे सारख्याच होत्या. बेटावर शेजारच्या जिल्ह्यातून बंब बोलावता येत नाहीत, रस्ता मोजका असतो आणि पर्यटकाला ना भाषा ठाऊक असते, ना वाटा.

नंतरचे बदल

हवाईत काही सुधारणा झाल्या आहेत. १ जुलै २०२४ पासून हवाईयन इलेक्ट्रिकने धोक्याच्या हवामानात वीज आधीच बंद करण्याची पद्धत सुरू केली. हवामान मोजणारी केंद्रे आणि आगीवर नजर ठेवणारे कॅमेरे बसवले जात आहेत. १९७९ मध्ये रद्द झालेले राज्य अग्निसुरक्षा प्रमुखाचे पद २०२४ च्या कायद्याने परत आणले गेले. लाहायनातून बाहेर पडणाऱ्या जादा वाटांचे आराखडे तयार झाले आहेत आणि नव्या घरांची बांधणी सुरू आहे.

सर्वांत कठीण काम डोंगरउतारावरच्या गवताचे आहे. ते कापणे, गुरे-शेळ्यांकडून चारून घेणे, गावाभोवती जाळरेषा राखणे आणि हळूहळू मूळ झाडे परत लावणे, हे उपाय सगळ्यांना मान्य आहेत. त्यांना दरवर्षी पैसा आणि माणसे लागतात, शिवाय या जमिनींचा मोठा भाग खासगी मालकीचा आहे. मूळ हवाईयन संघटनांची मागणी त्याहून पुढची आहे. ओढ्यांचे वळवलेले पाणी पुन्हा खाली सोडावे, मोकुहिनिया तळे मोकळे करावे आणि अळूची खाचरे परत पिकवावीत, असे त्यांचे म्हणणे आहे. ओली जमीन हीच गावाभोवतीची टिकाऊ जाळरेषा ठरेल, या युक्तिवादाला वणव्याच्या अभ्यासकांचाही पाठिंबा मिळतो. मात्र ओढ्यांच्या पाण्यावर पहिला हक्क कोणाचा, हा वाद पश्चिम माउईत आगीच्या आधीपासून चालू आहे आणि गवताचा प्रश्न सुटायचा तर आधी तो सुटावा लागेल.